नागै आत्या

पाणी वाढलं तर नागै आत्या घाबरत नसत. एका वर्षी आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं, तेव्हाही त्या पायरीवर बसून शांतपणे साडीचा काठ पिळत होत्या. त्या भीत असत ओसरणाऱ्या पाण्याला. जानेवारी संपता संपता वरच्या धरणाचं पाणी बंद करतात आणि तंजावूरमधून वाहणारा पुदु आरु कालवा आटतो. तळाशी डबकी उरतात, डबक्यांत मासे तडफडतात, आणि मुलं टॉवेल, टोपल्या, फाटक्या मच्छरदाण्या घेऊन खाली उतरतात. त्यांचा तो सणच. अशा वेळी आत्या बाजारातून परतत असल्या, तर पुलाचा कठडा धरून ओरडू लागत, "वर या! सगळे वर या! मासे राहू देत!" मोपेडवाले थांबून बघत. एकदा खालून एक मुलगा हसत म्हणाला, "अम्मा, इथं पाणीच नाही. बुडणार कशात?"

"पाणी नाही म्हणोनच सांगतें," आत्या म्हणाल्या. हे त्या मराठीत म्हणाल्या, त्यामुळे त्याला कळलं नाही. मी मागे भाजीची पिशवी धरून उभी होते. मला कळलं, पण तेव्हा माझं सगळं लक्ष शाळेतलं कुणी बघत नाही ना, इकडे होतं.

नागपट्टिणमला इकडे सगळे नागै म्हणतात. आत्या लग्न होऊन तिथे गेल्या, म्हणून नागै आत्या. त्या माझ्या अप्पांच्या थोरल्या बहीण. आतोबा तिथल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. मूलबाळ नव्हतं. समुद्रापासून दोन गल्ल्या अलीकडे त्यांचं भाड्याचं घर होतं. त्सुनामी आली त्या सकाळी आत्या त्या घरात होत्या आणि आतोबा किनाऱ्यावर होते. आत्या गच्चीवर चढल्या आणि वाचल्या. आतोबांचं काहीच सापडलं नाही. चष्मा नाही, चप्पल नाही, सायकलही नाही. त्यानंतर अप्पांनी आत्यांना तंजावूरला आणलं, तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यामुळे माझ्या आठवणीत त्या आमच्याच घरातल्या, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतल्या. फक्त त्यांच्या खोलीत आतोबांचा एक फोटो होता आणि त्याला हार नव्हता. आमच्या घरात भिंतीवरच्या प्रत्येक फोटोला हार होता, हा एक सोडून.

'कुठंतरी' हा शब्द त्यांना सहन होत नसे. टीव्हीवर भूकंपाची बातमी लागली आणि आई म्हणाली, "कुठंतरी जपानकडे झालाय वाटतं," की आत्या जेवता जेवता हात थांबवत. "कुठंतरी म्हणू नको. नाव सांग." मग मला नकाशा आणावा लागे. त्या ते गाव शोधत आणि त्यापासून समुद्र किती लांब आहे ते बोटाने मोजत. याचं कारण त्यांनी मला एकदा वाटाणे सोलताना सांगितलं. त्या रविवारी पहाटे देवापुढचा टांगलेला दिवा हलला. वाऱ्याने हलतो तसा नाही, एका लयीत, पाळण्यासारखा. मांडणीवरची भांडी किणकिणली. आतोबा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "कुठंतरी भूकंप झाला असेल." आणि त्यांनी पान उलटलं.

"नंतर दोन तासांवर वेळ होता," आत्या म्हणाल्या. "कॉफी झाली. अंघोळी झाल्या. दोन तासांत माणूस चालत तिरुवारूरच्या वाटेला लागतो. पण ते 'कुठंतरी' होतं ना. आमचं काय त्यात."

मी इंग्रजी शाळेत शिकले. दहावीला आमच्या भूगोलाच्या पुस्तकात या विषयावर एक धडा होता. पृथ्वीच्या कवचाचं एक तबक दुसऱ्या तबकाखाली सरकतं, ताण साठतो, सुटतो, समुद्राचा तळ उचलला जातो. आकृतीत लाल बाण होते. मला ती आकृती फार सुबक काढता येई आणि तिला पूर्ण गुण मिळाले होते. आत्यांनी ते पुस्तक मागून घेतलं. त्यांना इंग्रजी वाचता येई, सावकाश. चौकटीतला मजकूर होता: समुद्र अचानक मागे हटला तर उंच जागी जावे. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"बरोबर लिहिलंय. फक्त उशिरा लिहिलंय."

त्याच धड्यात ज्वालामुखीचा फोटो होता. अंदमानाजवळ समुद्रात आपल्या देशाचाही एक ज्वालामुखी आहे आणि तो त्याच तबकांच्या फटीवर उभा आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. "हा डोंगर बरा. रागावला की धूर काढतो, दिसतो तरी," त्या म्हणाल्या. "ते पाणी तर हसत गेलं."

आत्या कुंकू लावत. मोठं, गोल, आधी मेण लावून त्यावर, जुन्या पद्धतीचं. हातात हिरव्या बांगड्या. नवरा बेपत्ता असेल तर बाईला सवाष्णच धरतात, बारा वर्षांपर्यंत. पण धरतात असं म्हणणं वेगळं आणि हळदीकुंकवाला बोलावणं वेगळं. आमच्या ओळखीची मराठी घरं मोजकीच, सगळी एकमेकांना ओळखणारी. पहिली काही वर्षं सगळीकडून बोलावणं येई. मग एकेकीला विसर पडू लागला. "अय्यो, अक्का, सांगायचं राहूनच गेलं बघा!" आत्या म्हणत, "सरी, असूं दे. पुढच्या वर्षीं सांग." आणि पुढच्या वर्षीही विसर पडे. एका घरी तर बोलावून झाल्यावर त्या बाईचा हात आत्यांच्या कपाळाजवळ येऊन थांबला. करंडा तिच्या दुसऱ्या हातात होता. शेवटी आत्यांनीच तिचं बोट धरून कुंकवात बुडवलं आणि आपल्या कपाळाला टेकवलं. "भिऊ नको गं," त्या म्हणाल्या, "लागत नाही ते कोणाला." मला वाटलं, त्या विनोद करताहेत. कुणी हसलं नाही.

मी अकरावीत होते तेव्हा ताईचं लग्न ठरलं, तै या तमिळ महिन्यातलं, म्हणजे जानेवारीच्या अखेरचं. मुहूर्त काढायला शास्त्रीमामा आले. ते आमचे घरचे भटजी, वयाने अप्पांहून मोठे, तोंडाने फटकळ. मुहूर्त काढून झाला, कॉफीचा टंबलर रिकामा झाला आणि ते म्हणाले, "या मार्गशीर्षात बारा वर्षं पुरी होतात. आधी त्याचं कार्य करा. मग मंगलकार्य."

त्याचं म्हणजे आतोबांचं. देह सापडला नाही आणि बारा वर्षं वाट बघून झाली, की दर्भाचा माणूस करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. त्याला अग्नी देतात आणि मग तो माणूस गेला. तोवर तो कुठेच नसतो.

अप्पा आत्यांकडे न बघता म्हणाले, "अक्का, करून टाकूया का?"

"नको," आत्या म्हणाल्या.

"अगं, बारा वर्षं झाली."

"मला मोजतां येतं."

"तू अजून वाट बघतेस का?" अप्पांचा आवाज चढला. "बारा वर्षं कुठे राहील माणूस? कचेरीनं गेला म्हणून लिहून घेतलं, सरकारनं लिहून दिलं, तू तेवढी..."

आत्या उठून आत गेल्या. त्या रात्री आई अप्पांना म्हणाली की असू दे, आशा असते माणसाला. अप्पा म्हणाले, "आशा कसली, हट्ट आहे. आणि उद्या मांडवात सासरकडची माणसं विचारतील, ही बाई कोण आहे, सवाष्ण की नाही, तेव्हा मी काय सांगू?" त्यानंतर महिनाभर घरात दोघं भाऊबहीण एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत. "तुझ्या अप्पाला सांग, पाणी तापलंय." "तुझ्या आत्याला सांग, कळलं." ताई रडे. लग्न पुढे ढकलायचं का, असंही एकदा निघालं.

दर डिसेंबरात आत्या दोन दिवस नागैला जात. त्या वर्षी त्यांनी मला बरोबर घेतलं. "तू बोलत नाहीस म्हणोन तुला नेतें," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. मी शाळेत इंग्रजीत, रस्त्यात तमिळमध्ये आणि घरात मराठीत गप्प राहत असे. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या नाहीत, दाराजवळच्या जागी बसल्या. तिरुवारूरनंतर भातशेती सरून जमीन खारी दिसायला लागली, तसं त्यांनी पिशवीतून वेणी काढून केसांत माळली, जसं कुणी माहेरच्या स्टँडवर उतरण्याआधी करतं.

त्या तिथे काय करतात, हे आम्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. कोळ्यांच्या एका वस्तीत त्या बायकांकडून पळण्याचा सराव करून घेत. एका संस्थेने पूर्वी तो सुरू केला होता. संस्था गेली, आत्या येत राहिल्या. वस्तीच्या टोकाला इशाऱ्याच्या भोंग्याचा खांब होता. त्याच्यावर कावळ्यांनी घरटं केलं होतं. आत्या खांबाकडे बघतही नसत. "तो वाजेल असं समजूं नका," त्या तमिळमध्ये सांगत. "जमीन हलली की पळा. समुद्र आत गेला की पळा. दोन्ही झालं नाही आणि कुत्री गावाकडे पळाली, तरी पळा. दाराला कडी लावूं नका. मूल उचला आणि शाळेच्या वरच्या मजल्यावर. पहिली लाट गेली म्हणोन खाली उतरूं नका. दुसरी मोठी असते."

एक तरुण बाई म्हणाली, "टीचर, सासूला उचलायचं का?"

"सासू तुझ्या आधी पोचलेली असेल," आत्या म्हणाल्या. सगळ्या खिदळल्या. "हसा. पण पळतांना हसा."

आणि त्या पळाल्या. साड्या खोचून, पोरं काखेत मारून, म्हाताऱ्यांना ओढत. शाळेच्या जिन्यावर एकच गर्दी झाली. सर्वांत मागे आत्या होत्या, घामाने निथळत, मागे राहिलेल्यांना ढकलत. वर पोचल्यावर मी पाहिलं, बायका श्वास घेत खाली समुद्राकडे बघत होत्या. कुणीही हसत नव्हतं.

तमिळमध्ये 'कडलकोळ' असा एक जुना शब्द आहे, समुद्राने गिळणं. तो आम्हाला शाळेत शिकवलेला, प्राचीन काळी बुडालेल्या नगरांच्या गोष्टीत. मी तो तिथे उच्चारला, तर वस्तीतली अंजलै म्हणाली, "तो तुमच्या पुस्तकात होता, बाळ. आमच्या तोंडात नव्हता. आमच्या म्हाताऱ्यांना वादळं माहीत होती. हे नाही."

अंजलै मासे विकणारी. आत्या तिच्याच घरी उतरत. त्या दुपारी तिने मला भात वाढला आणि मी विचारलं, "सगळ्या आत्यांना टीचर का म्हणतात?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला माहीत नाही? आमची पोरं त्यांच्याकडे गणित शिकायची. रोज संध्याकाळी. पैसे नाही घ्यायच्या, मासे आम्ही देऊ शकत नव्हतो, तुम्ही खात नाही. मग पोरं शंख न्यायची."

मला गणित कधी आलं नाही. आत्यांनी मला एकदाही शिकवलं नव्हतं. आई सांगायची तेव्हा त्या म्हणत, मला कुठं येतं.

खिडकीतून आत्या दिसत होत्या. गल्लीच्या पलीकडे एका बंद दारासमोर त्या उभ्या होत्या. दार वाजवत नव्हत्या. नुसत्या उभ्या.

"ती उघडणार नाही," अंजलै म्हणाली. "दर वर्षी उभ्या राहतात, ती दर वर्षी उघडत नाही. तिची दोन्ही पोरं गेली."

मग तिने मला सांगितलं. आवाज न बदलता, भात वाढत वाढत. त्या सकाळी समुद्र आत गेला. होड्या वाळूत आडव्या पडल्या. कधी कुणी न बघितलेले खडक उघडे पडले, आणि मासे चमकत होते. आतोबा फिरायला गेले होते. ते पळत गल्लीत आले. त्यांनी आधी घरी आत्यांना हाक मारली. त्या दिवशी दत्तजयंती होती, आत्यांची चुलीवर खीर होती. त्या म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी खीर उतरवून येतें. मग आतोबांनी गल्लीतल्या पोरांना हाका मारल्या. नावं घेऊन घेऊन. "चला रे, चला, असं पुन्हा दिसायचं नाही! शंख घ्यायला पिशव्या आणा!" पोरांचा त्यांच्यावर जीव. रविवार. सगळी पळत सुटली. अंजलैचा मुलगा कदिर जेवत होता, हात न धुताच गेला.

मी ताटावरून हात उचलला. "तुम्ही... तुम्हाला राग नाही येत?"

"आला होता. खूप वर्षं होता." तिने माझ्या ताटात ताक ओतलं. "सारनी, तुझ्या आतोबांनी, हाक मारली नसती तरी माझा गेला असता. तो रोज तिथंच. पण ते नंतर सुचतं. पहिल्या वर्षी टीचर आल्या तेव्हा मी त्यांच्या अंगावर माशांचं पाणी फेकलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा आल्या. मी म्हटलं, ये, बस. काय करणार? त्यांनाही कुणी नव्हतं."

परतताना आत्या बसमध्ये पुन्हा दाराजवळच बसल्या. मग म्हणाल्या, "अंजलैने सांगितलं ना तुला."

मी मान हलवली.

"बरं झालं. मला सांगतां आलं नसतं."

घरी आल्यावर त्यांनी स्वतः अप्पांना हाक मारली, महिनाभरात पहिल्यांदा. शास्त्रीमामांना बोलवायला सांगितलं. ते आले, पाटावर बसले, आणि आत्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मी वाट बघत नाही," त्या म्हणाल्या. "गेले ते मला त्याच सकाळी कळलं होतं. पण त्यांचं एकट्याचं करूं नका. मुलांना हेच घेऊन गेले. आतां त्यांना तिथंच टाकून हे एकटे पुढे जातील, आणि मी त्याला होय म्हणूं? करायचं तर सगळ्यांचं करा."

अप्पांना हे माहीत नव्हतं. ते हळूच खाली बसले.

शास्त्रीमामा म्हणाले, "पोरी, लहान मुलांचा पिंड नसतो. शास्त्र नाही तसं."

"मग ह्यांचंही नको."

"ज्यांचं कोणी नाही, त्यांच्यासाठी एक पिंड असतो. तो ठेवू. त्यात सगळे आले."

"कोणी नाही कसं? आया आहेत की त्यांना."

 शास्त्रीमामांनी तपकीर ओढली, शिंकले, उपरण्याने नाक पुसलं. आई दारात उभी होती, ताई तिच्यामागे. 

"मुलं कुठल्या जातीची?" शेवटी शास्त्रीमामांनी विचारलं.

"कोळ्यांची. दोन ख्रिस्ती होती. एक फातिमा होती, तिचा बाप जाळी विकायचा."

"गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात," शास्त्रीमामा म्हणाले, कुणाकडेही न बघता. "सगळी प्रजा कश्यपाचीच. पिंड नाही देणार मी. तिलोदक सोडू. पाणी तुझा भाऊ सोडेल. नावं तू घ्यायचीस. मी मंत्र म्हणतो, मला काही ऐकू येणार नाही."

पौषात तिरुवैयारला कावेरीच्या घाटावर ते कार्य झालं. आमच्यात बायका अशा कार्याला घाटावर जात नाहीत. आत्या गेल्या, म्हणून आई गेली आणि मीही. सकाळी निघताना आत्यांनी कुंकू लावलेलं नव्हतं. आईने ते पाहिलं, करंडा उचलला आणि परत ठेवला. घाटावर अंजलै आधीच येऊन बसली होती, पहिल्या बसने. ती पायरीच्या एका कडेला बसली, आम्ही वर बोलावलं तरी आली नाही.

दर्भाचा माणूस वाळूवर निजवला होता. आत्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हे उंच होते. पाय वाढवा." शास्त्रीमामांनी आणखी दर्भ घेऊन पाय वाढवले. अग्नी दिल्यावर तो फार लवकर जळला. सुकं गवत ते. बारा वर्षं थांबलो होतो, आणि पाच मिनिटंही लागली नाहीत.

मग अप्पा गुडघाभर पाण्यात उभे राहिले. ओंजळीत पाणी आणि काळे तीळ. शास्त्रीमामांनी डोळे मिटले. "काश्यपगोत्र..." म्हणून ते थांबले आणि आत्या म्हणाल्या, "मणी." अप्पांनी पाणी सोडलं. "काश्यपगोत्र..." "सेल्वी." "काश्यपगोत्र..." "सेल्वीचा भाऊ, धाकटा, बाबू म्हणत." "काश्यपगोत्र..." "जेसुराज." त्या वर्गात हजेरी घेतात तसं म्हणत होत्या, प्रत्येक नावानंतर जरासं थांबून. फातिमाचं नाव आलं तेव्हा शास्त्रीमामांच्या पापण्या हलल्या, पण मंत्र थांबला नाही. कदिरचं नाव आलं तेव्हा अंजलैने पदर तोंडात धरला. नावं संपेनात. अप्पांच्या हातातले तीळ संपले, ते नुसतं पाणी सोडत राहिले.  शेवटचं नाव घेतल्यावर आत्या खाली बसल्या, ओल्या पायरीवरच. कुणी त्यांना धरायला गेलं नाही. अंजलै गेली.

याची किंमत आत्यांनीच दिली. ताईचं लग्न ठरल्या दिवशी झालं. आदल्या दिवशी सवाष्णी ताईला हळद लावत होत्या, आणि आत्या कोठीच्या खोलीत नारळ मोजत बसल्या होत्या. ज्यांना वर्षानुवर्षं आमंत्रण द्यायचा विसर पडत होता, त्या बायका आता निर्धास्तपणे त्यांच्याशी बोलत होत्या. त्यांचा प्रश्न सुटला होता. ताई हळदीच्या अंगाने उठून आत गेली आणि आत्यांसमोर गाल पुढे करून उभी राहिली. आत्या म्हणाल्या, "वेडी आहेस का. जा." ताई हलली नाही. तेव्हा आत्यांनी तिला दंडाला धरून दाराबाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. आतून नारळ रचल्याचा आवाज येत राहिला.

त्यानंतर फोटोला हार आला. आत्या पूर्वीसारख्याच राहिल्या, फक्त नागैला जाताना वेणी माळेनाशा झाल्या. सराव चालू राहिला. ते दार त्यांच्यासाठी कधीच उघडलं नाही. एकदा मी विचारलं, "अजून का उभ्या राहता?" त्या म्हणाल्या, "तिने आत असावं आणि मी बाहेर असावं, एवढं तरी व्हायला हवं."

गेल्या पावसाळ्यात दुपारी जेवून त्या आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. मी तेव्हा चेन्नईत नोकरीवर होते. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. सगळे म्हणाले, सुखाने गेल्या.

डिसेंबरात मी एकटी नागैला गेले. लाट आली त्या तारखेला सकाळी वस्तीतल्या बायका समुद्रात दूध सोडतात. अंजलै आता वाकली आहे. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "टीचर इथं मागं उभ्या राहून नावं घ्यायच्या. घे तू."

मला वाटलं होतं मला येतात. मणी, सेल्वी, बाबू, जेसुराज, फातिमा इथपर्यंत आले आणि पुढे काही आठवेना. आत्यांनी ती कधी लिहून ठेवली नव्हती, आम्ही कधी विचारली नव्हती. अंजलै मदतीला आली. तिने आठवून आठवून एकेक सांगितलं, मी ते तिच्या मागून म्हटलं. आणखी तीन-चार होती, ती म्हणाली, त्यांचे आईबापही गेले, घरंही राहिली नाहीत. ती नावं तिलाही आठवली नाहीत. आत्यांना येत होती.

 मग एक नाव उरलं आणि अंजलै ते घेत नव्हती. माझ्याकडे बघत थांबली होती. आजूबाजूला पंचवीसतीस बायका होत्या, त्याही थांबल्या.

"कदिर," मी म्हणाले. वाऱ्यात ते ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले.